शेडला चौदा महिने कुलूप: धंदा सुरू करायचा अडथळा देशाला किती महाग पडतो?

लेथवाला | शुक्रवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. काल कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या शेडमधून पहिला सँपल लॉट गेला आणि आज तो पास झाल्याचा फोन आला. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, म्हणून आज बसलोय.

माझ्या वडिलांनी उद्यमनगरात पस्तीस वर्षं जॉबवर्क केलं. दोन लेथ, एक ड्रिल, एक शेपर, एवढ्यावर घर चाललं. धंदा कसा सुरू केला म्हणून विचारलं तर सांगतात, "गाळा बघितला, लेथ आणली, दसऱ्याला पूजा केली आणि पट्टा चढवला." उद्यमनगर सगळं असंच उभं राहिलंय. एका गाळ्यात टर्निंग, शेजारी मिलिंग, समोर ग्राइंडिंग, चार दारं सोडून पॅटर्नवाला. माल हातगाडीवरून एका दारातनं दुसऱ्या दारात जायचा आणि गल्लीच्या टोकाला ऑइल इंजिन तयार होऊन बाहेर पडायचं.

मी एक व्हीएमसी आणि दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, टाकायचं ठरवलं. कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी भाग, शिरोलीच्या फाउंड्रीतनं येणार, मशीनिंग आम्ही करून द्यायचं. ऑर्डर तोंडी ठरलेली, कर्ज मंजूर, शेड तयार, मशीन येऊन पडलेली. तिथनं पुढं चौदा महिने शेडला कुलूप.

एका कार्यालयानं दुसऱ्याचा दाखला मागितला, दुसऱ्यानं सांगितलं की आधी पहिल्याची मंजुरी आणा. एकदा फाइल परत आली, कारण एका कागदावर शेडचं क्षेत्रफळ चौरस फुटात होतं आणि दुसऱ्यावर चौरस मीटरमध्ये. दोन्ही आकडे बरोबर होते. तेवढ्यासाठी सात आठवडे गेले. दर रविवारी मी शेडवर जायचो, मशीनवरचं प्लॅस्टिक वर करून स्लाइडला गंज धरलाय का बघायचो, तेल लावून परत झाकायचो. नव्या कोऱ्या मशीनला चालवायच्या आधीच गंजापासून जपायचं, ह्याचा मला फार त्रास झाला.

आयटीआय झालेली दोन पोरं आधीच बोलून ठेवली होती. एक थांबला. दुसरा पाच महिने वाट बघून चाकणला गेला. हाताला फार चांगला पोरगा, कान देऊन मशीनचा आवाज ओळखायचा.

हप्ते, भाडं, येरझाऱ्यांचं पेट्रोल, सगळं मी वहीत लिहिलंय. पण जे वहीत बसत नाही त्याचं काय? त्या चौदा महिन्यांत जो माल निघाला नाही, जो पगार झाला नाही, तो कुणाच्या खात्यात धरायचा? हे माझं एकट्याचं दुखणं आहे, की देशाच्या उत्पन्नाशी, उत्पादकतेशी याचा खरंच संबंध आहे? जाणकारांनी लिहावं.

राजारामपुरी_आठवी | रात्री १०:४१

पहिल्या लॉटबद्दल अभिनंदन भावा! वडिलांना शेडवर नेलंस का?

लेथवाला | रात्री १०:४४

नेलं की. व्हीएमसीच्या काचेतनं अर्धा तास बघत उभे होते.

शाहूपुरीची_लेक | रात्री ११:५५

दादा, मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. संबंध आहे, आणि तो मोजायचा प्रयत्नही झालाय. जरा सविस्तर लिहिते.

पेरू देशात हर्नांडो डी सोटो या अर्थतज्ज्ञाच्या गटानं १९८० च्या दशकात लिमा शहरात कपडे शिवायचा एक छोटा कारखाना सरळ मार्गानं नोंदवून बघितला. रोज सहा तास माणसं त्याच कामाला. २८९ दिवस लागले आणि खर्च आला किमान मासिक वेतनाच्या ३१ पट. पुढे २००२ मध्ये जान्कोव्ह, ला पोर्टा, लोपेझ-दे-सिलानेस आणि श्लायफर या चौघांनी ८५ देशांत कंपनी सुरू करायच्या पायऱ्या एकेक करून मोजल्या. कॅनडात दोन पायऱ्या आणि दोन दिवस. काही देशांत महिनोन्‌महिने. जिथं पायऱ्या जास्त, तिथं भ्रष्टाचार जास्त आणि बिननोंदीचा धंदा मोठा, असं त्यांना दिसलं.

तुमच्या प्रश्नाचं अगदी नेमकं उत्तर द्यायचा प्रयत्न लेव्हॉन बार्सेग्यान यांनी २००८ मध्ये केला. त्यांचा अंदाज असा: धंदा सुरू करायचा खर्च दरडोई उत्पन्नाच्या ८० टक्क्यांनी वाढला, तर एकूण उत्पादकता २२ टक्क्यांनी घटते आणि दर कामगारामागचं उत्पादन २९ टक्क्यांनी. आपल्याकडे दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण दोन लाख धरा. म्हणजे सुरू करायच्या खर्चात दीड-पावणेदोन लाखांचा फरक, आणि परिणाम एवढा मोठा. देशोदेशींच्या तुलनेतून काढलेला हा अंदाज आहे, त्यामुळे एका जिल्ह्याला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. पण दिशा कळते.

आता एवढा परिणाम होतो कसा? विद्यार्थ्यांना मी हे फाउंड्रीच्या उदाहरणानं सांगते, कारण निम्म्यांच्या घरातलं कुणीतरी शिरोलीत कामाला असतं. समजा एका फाउंड्रीत शंभर कास्टिंगमागे बारा रिजेक्ट होतात आणि दुसरीत चार. रिजेक्ट कास्टिंग परत भट्टीत जातं. एक टन लोखंड इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते, ती दुसऱ्यांदा जळते. मोल्डिंगवाल्यानं परत साचा भरायचा, आतल्या पोकळीचा कोअर परत करायचा, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) परत. माणसं तेवढीच, भट्टी तीच, दिवस तोच, आणि गाडीत चढणारा माल कमी. उत्पादकता कमी म्हणजे नेमकं हे. बारा टक्केवाल्याला सुधारायला कोण लावणार? शेजारी कुणी नवा चार टक्केवाला आला तर गिऱ्हाईक तिकडं जाईल, ही भीतीच लावते. तो नवा माणूस फाइल घेऊन फिरत बसला असेल, तर जुन्याला साच्याची वाळू बदलायची गरज वाटत नाही.

म्हणून तुमच्या वहीतल्या खर्चापेक्षा मोठा खर्च त्या लोकांचा आहे, जे तुमचे चौदा महिने बघून म्हणाले असतील, "नको बाबा, नोकरीच बरी." ते कुठल्याच आकडेवारीत सापडत नाहीत.

खर्चीवाला_इचलकरंजी | शनिवार, सकाळी ७:१०

मॅडम, तुमचं लिखाण वाचलं, पण इचलकरंजीचा अनुभव जरा वेगळा आहे. तो पण मांडतो.

आमच्याकडं माग टाकणं कधीच फार अवघड नव्हतं. घराच्या मागं पत्रा टाकायचा, जुने चार साधे माग आणायचे, सूत व्यापाऱ्याचं, आपण खर्चीवर, म्हणजे मजुरीवर, विणून द्यायचं. मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. हजारो लोक असे धंद्यात आले. तुमच्या हिशेबानं आमची उत्पादकता आभाळाला भिडायला पाहिजे होती. प्रत्यक्षात चाळीस वर्षांपूर्वी चार माग होते तिथं आज सहा आहेत. साधेच. पोराला नवे रॅपियर माग टाकायचेत, पण पैसा कुठनं आणणार?

माझे आजोबा सांगायचे की मोठ्या गिरण्यांना माग वाढवायला सरकारनं अडवलं म्हणून आपल्याला काम मिळालं. १९५६ नंतर गिरण्यांच्या मागांवर बंधनं आली, हे खरंच आहे. म्हणजे एकाचं दार बंद केलं म्हणून दुसऱ्याचं उघडलं. आम्ही त्यावर जगलो, हे मी नाकारत नाही. पण लहान राहण्यातच सोय झाली. वाढलं की दुसरे कायदे लागू, म्हणून लोकांनी एकाच शेडमध्ये भिंत घालून भावाभावांच्या नावावर दोन युनिटं केली. मधल्या भिंतीमुळं जॉबर (माग दुरुस्त करणारा) दिवसभर ह्या दारानं बाहेर, त्या दारानं आत.

तेव्हा सुरू करायचा अडथळा एक, वाढायचा दुसरा, आणि बंद करायचा तिसरा. तिसऱ्यावर कुणी बोलत नाही. आमच्या गल्लीत तीन शेड कर्जाच्या वादात पाच वर्षं कुलपात आहेत. आतले माग गंजून गेले.

शाहूपुरीची_लेक | सकाळी ८:३५

काका, हे तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं झालं. तुमचं म्हणणं माझ्या लिखाणात राहूनच गेलं होतं.

चँग-ताई शे आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ मध्ये कारखान्यांचं वय आणि आकार असा अभ्यास केला. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या, पाच वर्षांच्या आतल्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त कामगार असतात. भारतात आणि मेक्सिकोत जेमतेम दुप्पट. तुमच्या चाराचे सहा माग झाले, तसंच. त्याच दोघांनी २००९ मध्ये असा हिशेब मांडला होता की आपल्याकडचं भांडवल आणि मनुष्यबळ कारखान्या-कारखान्यांत अमेरिकेइतपत नीट वाटलं गेलं, तर भारतातल्या कारखानदारीची उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढेल. नवं यंत्र न आणता, जे आहे ते योग्य हातात गेलं तर एवढी वाढ.

लहान राहण्यातली सोय आपण धोरण म्हणूनही राबवली. १९६७ पासून ठरावीक वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या अशी यादी होती. ती आठशेच्या वर गेली आणि शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये यादीतून निघाल्या. हेतू चांगला होता. पण वाढलास तर ही वस्तू बनवता येणार नाही, असं सांगितल्यावर कोण वाढेल? त्याआधीचा परवाना तर सगळ्यांना आठवतोच. १९५१ च्या कायद्यानं कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, नवी वस्तू काढायलाही परवाना. जुलै १९९१ मध्ये अठरा उद्योग सोडून बाकीच्यांचा तो गेला.

बंद पडलेल्या शेडबद्दल तुमचं पूर्ण पटलं. आत अडकलेला पत्रा, जागा, वीजजोडणी हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी सुरुवातीचं साहित्य आहे.

पंचगंगाकाठ | सकाळी ९:५०

माझं म्हणणं कुणाला आवडणार नाही कदाचित. मी नदीकाठच्या गावात राहतो. उन्हाळ्यात पाण्याला फेस येतो, मासे मरून काठाला लागतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. सगळ्या परवानग्या म्हणजे अडथळा असं म्हणत सुटलो तर आमच्या पाण्याचं काय? नदीकाठी विनापरवाना धंदा सुरू होऊ नये, यावर मी ठाम आहे.

लेथवाला | सकाळी १०:१५

दादा, ठाम राहाच. नदीचा नियम पाहिजेच, माझी पोरं पण तेच पाणी पितात. माझी फाइल पाण्यासाठी अडली नव्हती, चौरस फुटासाठी अडली होती. सात आठवड्यांत माझ्या शेडवर मशीनचं कूलंट कुठं जाणार, लोखंडाच्या चिप्स कुणाला देणार, हे विचारायला एकही माणूस आला नाही. आला असता तर मी दोन तास बसून दाखवलं असतं.

शाहूपुरीची_लेक | सकाळी १०:४०

काल सांगितलेल्या ८५ देशांच्या अभ्यासात हाही प्रश्न तपासला होता. पायऱ्या जास्त असलेल्या देशांत पाण्याचं प्रदूषण कमी आहे का, मालाचा दर्जा चांगला आहे का? तसं दिसलं नाही. कागद वाढले म्हणून नदी स्वच्छ होत नाही. आपल्याकडे आता लाल, नारंगी, हिरवा, पांढरा अशी प्रदूषणानुसार वर्गवारी आहे आणि पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या, वर्गाला नुसती माहिती कळवायची असते. तत्त्व योग्य आहे: ज्याच्याकडून धोका जास्त त्याच्याकडे अधिकाऱ्यांनी जास्त वेळ द्यावा. सगळ्यांनाच रांगेत उभं केलं, तर धोकादायक कारखान्याकडे बघायला माणूस उरत नाही.

डंकवाली | दुपारी २:०५

सगळं वाचून काढलं, आता माझं लिहिते. मी कांदा-लसूण मसाला करते, कळंब्यात. चार बायका कामाला आहेत.

कागद म्हणाल तर मला त्रास झाला नाही. लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी मोबाइलवर पंधरा मिनिटांत झाली, पैसे शून्य. अन्न परवान्याची साधी नोंदणी मी केली तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत व्हायची, बारा लाखांच्या आत उलाढाल असली की. दुकानाच्या कायद्यातही २०१७ मध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त कळवायचं, अशी सोय झाली. हे खरंच सुधारलंय आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे.

माझं अडलं बँकेत. मुद्रा कर्ज बिनतारण असतं हे मला माहीत होतं, मी कात्रण घेऊन गेले होते. साहेब म्हणाले, जामीनदार आणा. मग म्हणाले, घर कुणाच्या नावावर? मिस्टरांच्या. मग त्यांनाच पाठवा. धंदा माझा, मिरची मी निवडते, ब्याडगी किती आणि लवंगी किती ते माझ्या हातात, आणि बोलणी करायला मिस्टर. तीन वेळा तिथनं परत आले. शेवटी भिशीतल्या बायकांनी माझा नंबर आधी लावून दिला, त्यातनं मसाला दळायचा पल्व्हरायझर घेतला.

मॅडम, तुमच्या अभ्यासात पायऱ्या मोजल्यात. ही पायरी कुठं मोजतात? माझ्या ओळखीच्या किमान सहा बायका माझ्यापेक्षा चांगला मसाला करतात आणि घरच्यापुरताच करतात.

आता थ्री-फेज वीजजोडणीचा अर्ज करायचाय, आणि लेथवाले दादांचं वाचून पोटात गोळा आलाय.

सुभाषनगर | दुपारी ४:३०

ताईंनी लिहिलंय त्याच्या पुढचं लिहितो.

आमचं घर तीन पिढ्या चपलेचं काम करतंय. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मान मिळाला, आनंद आहे. पण चपलेची वेणी घालणाऱ्या, तिचे कान शिवणाऱ्या हाताचं दुकान शिवाजी रोडला आहे का, हे जाऊन बघा. कातडं उधारीवर, माल उधारीवर, दर दुसरा ठरवणार. आम्हाला कुठल्या कायद्यानं अडवलं नाही. जागा भाड्यानं मागायला गेलं की आडनाव ऐकून "कळवतो" म्हणतात.

गंगाराम कांबळेंची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे, तरी इथं लिहितो. राजवाड्यावर नोकरीला असताना पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारलं. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायला लागले, बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावायचे. महाराजांना कळलं होतं की परवानगी देऊन भागत नाही, पहिलं गिऱ्हाईक मिळवून द्यावं लागतं. ज्या गावच्या राजानं १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाऱ्यांना बोलावून बसवलं, त्यानं एका चहाच्या कपालाही तेवढंच महत्त्व दिलं. माझ्यासाठी तो व्यापारविषयक सगळ्यात मोठा निर्णय आहे.

राजारामपुरी_आठवी | सायंकाळी ५:०२

दादा, वाचून अंगावर काटा आला.

शाहूपुरीची_लेक | रात्री ९:२०

डंकवाली ताई, तुमची पायरी बहुतेक अभ्यासांत मोजलेली नाही. जागतिक बँकेचा व्यवसाय-सुलभतेचा अहवाल निघायचा, त्यात भारत १४२ वरून ६३ व्या क्रमांकावर आला, सगळीकडे गाजलं. पण त्यासाठी मोजमाप व्हायचं ते फक्त मुंबई आणि दिल्लीत. कोल्हापूरच्या शेडचे चौदा महिने त्यात कधीच नव्हते. पुढे आकड्यांत गैरप्रकार सापडले आणि २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला. तुम्ही आणि सुभाषनगर दादांनी लिहिलेलं मी वर्गात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मेक्सिकोत नोंदणी सोपी केल्यावर काय झालं ते मिरियम ब्रून यांनी तपासलं. ज्या उद्योगांना सवलत होती तिथं नोंदलेले धंदे पाच टक्क्यांनी वाढले. मला वाटलं होतं की आधीचे बिननोंदीचे लोक आत आले असतील. तसं नव्हतं. नवे आलेले सगळे आधी पगारी नोकरी करणारे होते. पगारी रोजगार २.२ टक्क्यांनी वाढला. आणि जुन्या धंदेवाल्यांचं उत्पन्न तीन टक्क्यांनी घटलं.

हा शेवटचा आकडा नीट बघा. दार उघडलं की आधीपासून आत असलेल्यांचं थोडं नुकसान होतं. त्यांची संघटना असते, ओळखी असतात. बाहेर उभ्या असलेल्यांची संघटना नसते. अडथळे वर्षानुवर्षं का टिकतात याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे. उद्या लेथवाले दादांच्या समोर कुणी नवा पोरगा पाच-अक्षी मशीन घेऊन आला, तर दादांनाही तो नको वाटेल, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवते.

लेथवाला | रात्री १०:५०

मॅडम, खरं आहे तुमचं. वडील म्हणायचे, समोर नवा गाळा उघडला की पहिले आठ दिवस झोप लागत नाही, नवव्या दिवशी टूलला धार लावायची आठवण होते.

काका, तुम्ही बंद शेडचं लिहिलंत ते वाचून मी आज आमच्या वसाहतीत फिरून बघितलं. आमच्याच रांगेत दोन आहेत. एकीच्या दारात पिंपळ उगवलाय.

चाकणला गेलेल्या पोराशी दुपारी बोललो. लॉट पास झाला म्हणून सांगितलं, खूश झाला. परत येतोस का विचारलं. तिथं खोलीचं डिपॉझिट भरलंय, बहिणीचं लग्न ठरलंय, आता नाही जमणार म्हणाला. मी जास्त ताणलं नाही.

मी एक काम करतोय. चौदा महिन्यांतला प्रत्येक कागद कधी दिला, कधी परत आला, काय कारण लिहिलं होतं, सगळं तारखेनिशी लिहून काढतोय. पुढच्या आठवड्यात इथंच टाकतो. कुणाचं नाव लिहिणार नाही, फक्त क्रम. कुठला कागद कुठल्याच्या आधी लागतो एवढं जरी कळलं असतं, तरी माझे पाच-सहा महिने वाचले असते.

डंकवाली ताई, थ्री-फेजचा अर्ज भरताना लोड अंदाजानं लिहू नका. पल्व्हरायझरच्या मोटारीवर पाटी असते, तिच्यावरचे एचपी बघा. एचपी आणि किलोवॅटमध्ये गफलत झाली की अर्ज परत येतो. पुढं मसाला कुटायचा दुसरा डंक घ्यायचा विचार असेल तर तो आत्ताच धरा, नंतर वाढवायला परत सगळं पहिल्यापासून. मी रविवारी दुपारी चारनंतर शेडवर आहे. येताना पाटीचा फोटो आणि वीजबिलाची झेरॉक्स आणा, बसून भरून टाकू.

डंकवाली | रात्री ११:०८

येते दादा. वहिनींना किती तिखट चालतं ते कळवा.